बदली खेळाडू

‘बदली’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि माझ्या वाट्याला दोन्ही आले. मैदानावर ‘बदली’ म्हटलं की बाकावर बसलेला माणूस टुणकन उडी मारून उठतो. कचेरीत ‘बदली’ म्हटलं की उभा असलेला माणूस मटकन खाली बसतो. पहिल्या बदलीची मी तीन वर्षं वाट पाहिली, ती सात मिनिटांपुरती मिळाली. दुसरीची कधीच वाट पाहिली नव्हती, ती तीन वर्षांसाठी मिळाली. वर बसून आपला हिशेब ठेवणारा कुणी असेलच, तर त्याची त्रैराशिकं कच्ची आहेत.

मी कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटलं की परगावचा माणूस चपलेपासून सुरुवात करतो, गुळावर येतो आणि पांढऱ्या रश्श्यात बुडतो. फुटबॉलचं नाव काढत नाही. वास्तविक आमच्या पेठांमधल्या तालमी कुस्तीपेक्षा फुटबॉलपायीच जास्त भांडतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं ऐकून वाटतं, मंडळी लाल मातीत शड्डू ठोकत असतील. मंडळी असतात शाहू स्टेडियमवर, पायात बूट चढवून. अशाच एका तालमीच्या संघात मीही होतो. (नाव सांगत नाही; त्या गल्लीतून अजून जावं लागतं.) ‘होतो’ हे क्रियापद इथे फार विचार करून वापरलं आहे. खेळत नव्हतो. होतो.

आमच्या संघाचे मॅनेजर जुने खेळाडू होते. सामना रंगात आला की ते बाकाकडे वळून एकेकाला न्याहाळत. त्यांची नजर माझ्यापाशी येई आणि विनंती थांब्यावर हात केला तरी न थांबणाऱ्या एस.टी.सारखी पुढे निघून जाई. तीन हंगाम हे चाललं. माझी जर्सी कधी मळली नाही. तरी आई दर रविवारी ती साबण लावून धूत असे आणि दोरीवर अशी वाळत घालत असे की, गल्लीला नंबर दिसावा. शेवटी एकदा तिघांचे पाय एकदम मुरगळले आणि मला आत जावं लागलं. त्या सात मिनिटांत मी एक गोल केला. हेडरनं. अप्रतिम होता. आमच्याच जाळ्यात.

त्यानंतर मी नोकरी धरली.

खातं कोणतं ते विचारू नका; पेन्शन चालू आहे. २०१४ साली ‘प्रशासकीय कारणास्तव’ माझी बदली झाली. हे कारण काय असतं ते प्रशासनालाही ठाऊक नसतं, म्हणूनच त्याला तसं म्हणतात. हुकुमावर गावाचं नाव होतं सिरोंचा. कचेरीत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. शिपायाने कोल्हापूरवर एक बोट ठेवलं, सिरोंच्यावर दुसरं ठेवू गेला, तर पंजा पुरेना. दुसरा शिपाई बोलवावा लागला. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर कोल्हापूर लेफ्ट बॅक आणि सिरोंचा राइट बॅक. मधे सोलापूर गोलकीपर. एवढं एकच समाधान होतं, की आयुष्यात पहिल्यांदा मला कुठली तरी जागा नेमून मिळाली होती.

“काय रं, जातोस का राजीनामा देतोस?” एका मित्राने विचारलं. आमची ही म्हणाली, “जा. मुलीची दहावी आहे, आम्ही काही येणार नाही.” अशा प्रेमळ निरोपानिशी मी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. नागपूर, तिथून बल्लारशा, पुढे एस.टी. आलापल्लीनंतर सागवानाचं जंगल सुरू होतं आणि रस्ता संपतो. बस मात्र चालू राहते. तिसऱ्या दिवशी उतरलो तेव्हा माझ्या हाडांची आपापसांत बदली झाली होती.

पण गाव बघून राग धरवेना. कारण चौकशी केली तेव्हा कळलं, बदलीच्या बाबतीत हे गाव माझं आजोबा लागतं. एकेकाळी सिरोंचा म्हणजे इंग्रजांच्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं. १८७४ साली तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचाची पदावनती होऊन ते चांदा जिल्ह्यातली तहसील झालं. पुढे १९८२ साली गडचिरोली जिल्हा निघाला, तेव्हा त्याला चंद्रपुरातून उचलून तिकडे टाकलं. कुणी त्याला विचारलं नव्हतं. मी रुजू झालो त्याच महिन्यात, २ जूनला, प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडचा काठ आंध्र प्रदेशातून तेलंगणात गेला, तेही जागचं न हलता. आम्हा नोकरदारांना एवढी सोय कोण देतो? इथल्या एका प्रसिद्ध, नारळाएवढ्या आंब्याचं नाव आहे ‘कलेक्टर’. बदलीसाठी अर्ज न करता सिरोंच्यात मुळं रोवलेला तेवढा एकच कलेक्टर माझ्या पाहण्यात आहे.

संध्याकाळ मात्र खायला उठायची. मी नदीवर जाऊन बसे. पावसाळा सरला की प्राणहिता अंग चोरून एका कडेला जाते आणि उरतं ते अर्धा-पाऊण मैल वाळूचं पात्र. तिथे दहा-बारा पोरं एक बिनहवेचा व्हॉलीबॉल लाथाडत असत. एकदा तो माझ्याकडे आला. मी बसल्या जागेवरून उठलो, दोन पावलं मागे गेलो आणि शाहू स्टेडियम डोळ्यांपुढे आणून लाथ घातली. चप्पल नदीच्या दिशेने गेली. चेंडू तिथेच होता. पोरांनी चप्पल आणून दिली आणि त्या क्षणापासून आमची मैत्री झाली.

भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. पोरं आपसात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी आणि चेंडूशी दोन्ही. पण एकाने दुसऱ्याला “एंदि रा!” म्हणून हाक मारली आणि माझा जीव भांड्यात पडला. आमचं “काय रं!” ते हेच. कोल्हापूरचा ‘रं’ हजारभर किलोमीटर चालत आला आणि उन्हाने थोडा लांबला, इतकंच. मी नागपूरहून एक खरा फुटबॉल मागवला, विटांचे गोल मांडले, ऑफसाइड समजावून सांगितलं. (ते त्यांना समजलं नाही. मलाही नीट समजलेलं नव्हतं, ते तेव्हा समजलं.) महिन्याभरात पोरं मला ‘मॅनेजर सार’ म्हणू लागली.

आता आपल्याकडे मॅनेजर म्हणजे बँकेचा. एके दिवशी एक म्हातारी बाई पासबुक घेऊन दारात आली. “मॅनेजर सार, लोन इस्तारा?” मी फुटबॉलचा मॅनेजर आहे हे मी तिला तीन भाषांत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्याचं लोन देता का?” तिचंही चुकत नव्हतं. आपल्याकडे जुन्या काळी फुटबॉलपटूचा मॅनेजर व्हायचा तो असाच. बँकेने नाहीतर कंपनीने पोराला खेळासाठी चिकटवून घ्यायचं, त्याने दहा वर्षं गोल करायचे, गुडघा गेला की टेबलाशी बसायचं आणि पन्नाशीत केबिन मिळवून दुसऱ्यांच्या अर्जांवर गोल शिक्का मारायचा. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यावरच पोट भरणारा मॅनेजर, ही आपल्या लोकांना न पटणारी गोष्ट. ‘खेळता येत होतं तेव्हा खेळला, आता नुसता उभा राहायचा पगार?’ असा त्यांचा सरळ सवाल असतो.

याच सुमारास मला खालिद जमील भेटला. म्हणजे वर्तमानपत्रात. सिरोंच्याला पेपर शिळा यायचा, पण बदलीच्या बातम्या शिळ्या झाल्या तरी चव सोडत नाहीत.

हा गडी जन्मला कुवेतला आणि खेळला मुंबईत. मिडफिल्डर. एअर इंडियाकडून, मग महिंद्र युनायटेडकडून. महिंद्रने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, त्या संघात होता. भारताकडूनही खेळला. पुढे मुंबई एफसीमध्ये आला आणि दुखापतींनी त्याचे पाय धरले. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बूट काढून ठेवावे लागले. त्याच क्लबाने त्याला मॅनेजर केलं. (कुणी कोच म्हणतात, कुणी प्रशिक्षक. पण संघात कोण, बाकावर कोण हे ठरवतो आणि हरल्यावर शिव्या खातो तो मॅनेजर, अशी माझी साधी व्याख्या आहे.) मुंबई एफसी हा काही लक्ष्मीपुत्रांचा क्लब नव्हे. मोठे परदेशी खेळाडू परवडायचे नाहीत. दर वर्षी आता बुडतो की मग बुडतो अशी तऱ्हा. खालिदने ती नाव सात हंगाम तरंगत ठेवली. करंडक एकही नाही. पण बुडूही दिली नाही. आता, न बुडाल्याबद्दल मिरवणूक कोण काढणार? २०१६ साली त्याला नारळ मिळाला.

आणि त्याची बदली कुठे झाली असेल? ऐझॉलला. मिझोराममध्ये. नकाशा काढून पाहिलात तर तुम्हालाही दुसरा शिपाई बोलवावा लागेल.

ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. भारताच्या नकाशावर हा माझा सख्खा भाऊ निघाला. त्यातून ऐझॉलचा क्लब आदल्याच हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, जागा रिकामी झाली, म्हणून ऐझॉलला परत आत घेतलं. म्हणजे क्लबही बदली खेळाडू आणि मॅनेजरही बदलीवरचा. खालिदने जाताना मुंबईची दोन पोरं बरोबर नेली, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. बाकी तिथली डोंगरातली पोरं आणि चार-दोन परदेशी. अशा जमावाने २०१७च्या जानेवारीपासून भल्याभल्यांना पाणी पाजायला सुरुवात केली. मी रोज संध्याकाळी वाळूवर पोरांना बातम्या सांगत असे. ऐझॉल कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. “आपल्यासारखंच आहे,” मी सांगे, “तिथे पोचायला पण तीन दिवस लागतात.” तेवढ्यावर पोरं ऐझॉलच्या बाजूची झाली.

त्या पोरांत एक चहावाल्याचा मुलगा होता. बसस्टँडजवळ त्याच्या बापाची टपरी. बापाला सगळं गाव ‘अन्ना’ म्हणे. मुलगा चौदा-पंधराचा, काटकुळा. खेळ यथातथाच. डावा पाय कशासाठी दिलाय हे त्याला देवाने सांगितलेलं नव्हतं. पण सगळ्यांच्या आधी यायचा, विटा मांडायचा, चेंडू पाण्यात गेला तर हा उतरायचा, आणि अंधार पडल्यावर चेंडू शर्टाने पुसून माझ्या खोलीवर आणून द्यायचा. मी हे सगळं पाहत होतो आणि ओळखत होतो. कोल्हापुरात अगदी असाच एक मुलगा मी आरशात पाहिला होता.

एप्रिलच्या मध्यावर पलीकडच्या काठावरची पोरं आली. कालेश्वरच्या बाजूची. सामना ठरला. ना करंडक, ना पंच, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पेप्सीकोला द्यायचा. पण गाव लोटलं. दोन राज्यांचा प्रश्न होता. आमच्याकडे पोरं बारा आणि जागा अकरा.

सकाळी दाढी करतानाच मी ठरवलं होतं, याला खेळवायचं. निदान शेवटची दहा मिनिटं. मी मॅनेजर झालो होतो तो आणखी कशासाठी? मध्यंतराला शून्य-शून्य. मग त्यांनी एक केला, आम्ही एक फेडला. दहा मिनिटं उरली. तो उठून उभा राहिला होता. बोलला काही नाही. शर्ट चड्डीत खोचला, आणि माझ्याकडे पाहू लागला.

आणि वाचकहो, माझी नजर त्याच्यावरून पुढे गेली.

काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लोक ओरडत होते, बरोबरी होती, आत असलेली अकरा पोरं त्याच्याहून बरी खेळत होती. हे सगळं खरं. त्या क्षणी मला जिंकायचं होतं, हेही खरं. शेवटच्या मिनिटाला आमच्या एकाने गुडघ्याने गोल घातला, आम्ही २-१ जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला तो दिसला. विटा गोळा करत होता. अंधारात मी त्याच्या शर्टाकडे पाहिलं. वाळूचा एक कण नव्हता.

दुसऱ्या दिवशी अन्नाने चहा दिला तो बिनसाखरेचा. मी म्हटलं, “अन्ना, साखर?” तो म्हणाला, “घातलीय साहेब.” तीन वर्षं मी ‘सार’ होतो. त्या दिवशी ‘साहेब’ झालो. साखर नसली तर चालेल, पण हा ‘साहेब’ घशाखाली उतरेना. आमच्या कोल्हापूरच्या मॅनेजरना मी मनातल्या मनात वीस वर्षं जे जे बोललो होतो, ते सगळं एका कपात परत आलं.

मग ३० एप्रिल उजाडला. रविवार. ऐझॉलचा शेवटचा सामना शिलाँगला, लाजोंगशी. एक गुण मिळाला की विजेतेपद. नाहीतर मोहन बागान टपून बसलेलं. टीव्ही गावात पुष्कळ होते, पण माझ्या ओळखीचा एकच, अन्नाच्या टपरीतला. आणि त्यावर अखंड तेलुगू सिनेमा. त्यातून दोनच दिवसांपूर्वी ‘बाहुबली २’ लागला होता. माझा संघ झाडून तो बघायला नदीपार गेला होता. कटप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न त्या आठवड्यात सिरोंच्यात पाण्याच्या प्रश्नाहून तातडीचा होता. तिथे फुटबॉल लावा म्हणायचं, म्हणजे लग्नात जाऊन वाजंत्री बंद करा म्हणण्यासारखंच. त्यातून माझा चहा बिनसाखरेचा.

मी कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसलो. (बाकाची मला सवय आहे.) पडद्यावर कुणी तरी एकाच वेळी आठ जणांना मारत होता. तेवढ्यात चॅनेल बदललं आणि हिरवं मैदान दिसलं. रिमोट चहावाल्याच्या मुलाच्या हातात होता. तो सिनेमाला गेला नव्हता. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली. “मॅच आहे,” तो त्यांना म्हणाला, आणि मधे एक जागा सोडून माझ्या बाकावर बसला.

लाजोंगने सुरुवातीलाच गोल ठोकला. माझा घाम टपटपू लागला. तसा एप्रिलात सिरोंच्यात तो गोलाशिवायही टपकतो. कॅमेरा मधूनच रेघेबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे जाई.

“हा खेळत नाही?” मुलाने विचारलं.

“आधी खेळायचा.”

“मग आता काय करतो?”

“कुणी खेळायचं आणि कुणी बसायचं, ते ठरवतो.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्यो बी घाबरलाय.”

‘बी’ कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही.

उत्तरार्धात वीज गेली. सिरोंच्यातली वीज ही आमच्या ऑफसाइडसारखी. कधी लागेल सांगता येत नाही. अंधारात आम्ही दोघं न बोलता बसून राहिलो. आली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात १-१ लिहिलेलं होतं. विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली होती आणि ती आमची हुकली. पुढची मिनिटं कशी गेली ते माझ्या नखांना विचारा. शिट्टी वाजली. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. खालिदला ज्या मुंबई एफसीने मोकळं केलं होतं, ती त्याच हंगामात तळाला जाऊन लीगबाहेर पडली. सात वर्षं न बुडण्याची किंमत काय होती, ते नाव बुडाल्यावर समजलं. अर्थात त्याबद्दलही कुणी मिरवणूक काढली नाही.

अन्नाने न सांगता चहा आणून ठेवला. गोड होता. जरा जास्तच.

मे महिन्याच्या अखेरीस माझा हुकूम आला. कोल्हापूर. हिने फोनवर, “आता कसली कारणं सांगू नका, निघा,” असं सांगितलं. पोरांनी निरोपाचा सामना ठेवला, आपसातलाच. मी आपला नेहमीच्या जागी उभा राहायला गेलो, तर तिथे चहावाल्याचा मुलगा हाताची घडी घालून उभा. “आज मॅनेजर मी,” तो म्हणाला. “सार, तुम्ही तिथं.” आणि वाळूत पालथ्या घातलेल्या एका घमेल्याकडे त्याने बोट दाखवलं.

मी घमेल्यावर बसलो. एक तास. मधूनमधून तो माझ्याकडे वळून बघे आणि परत तोंड फिरवी. एकदा मी अर्धवट उठलो, तर हातानेच ‘बसा’ केलं. त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या पोटात तोच गोळा आला, तोच, शाहू स्टेडियमवरचा. नदीचं पाणी तांबडं होऊ लागलं, तेव्हा कुठे त्याने बोट वर केलं. “बदली!”

मी धावलो. किती वेळ मिळाला ते मला नक्की सांगता येईल, कारण त्याने घड्याळ लावलं होतं. सात मिनिटं. कोल्हापूरची ती गोष्ट मीच कधी तरी त्यांना सांगितली होती आणि विसरलो होतो. या खेपेला गोल केला नाही, कुठल्याच बाजूला. पडलो मात्र चारदा. नेसत्या कपड्यांनिशी एस.टी.त बसलो आणि तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. हिने कपडे भिजत टाकले आणि ओरडली, “अहो, ही बादलीत कसली वाळू?”

पुढचं काय सांगायचं? खालिदची गाडी त्यानंतर थांबलीच नाही. त्याच वर्षी ईस्ट बंगाल. २०१९च्या जानेवारीत थेट मोहन बागान! पाटाकडीलमधून दिलबहारमध्ये जाण्यासारखं हे. आमच्याकडे अशा माणसाला सोयरीक जमायची मारामार. मग नॉर्थईस्ट युनायटेड. तिथे त्याच्याकडे आधी नुसता प्रभार दिला, परदेशी साहेब आले की काढून घेतला, ते साहेब गेले की परत दिला. २०२१च्या जानेवारीत असा दुसऱ्यांदा प्रभार आला आणि साखळीतला उरलेला एकही सामना न हरता गड्याने संघ उपांत्य फेरीत नेला. तेव्हा कुठे ऑक्टोबरात कायमचा हुकूम निघाला. इंडियन सुपर लीगमध्ये कायम नेमणूक मिळालेला पहिला भारतीय. सरकारी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कायम झाला त्याच हंगामात संघ तळाजवळ घसरला, हेही समजावून सांगावं लागत नाही. तिकडे इंग्लंडात सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ साली मँचेस्टर युनायटेडमध्ये रुजू झाला तो २०१३पर्यंत एकाच टेबलावर. आमच्या खात्यात असता तर त्याची चौकशी लागली असती.

खालिदच्या प्रत्येक बदलीला मला सिरोंच्याहून फोन येतो. “सार, जमशेदपूर!” “सार, इंडिया!” १ ऑगस्ट २०२५ रोजी तो भारताचा मॅनेजर झाला, सॅव्हियो मेदेरानंतर तेरा वर्षांनी त्या जागेवर आलेला भारतीय, तेव्हा फोनवर टपरीतली शिट्ट्यांची धमाल ऐकू आली. टपरी आता मुलगाच चालवतो. नव्या पोरांना वाळूवर तोच जमवतो. मधे मैदानाचीही बदली झाली होती. २०१९ साली खाली मेडीगड्ड्याला बराज झालं, पाणी अडलं आणि आमच्या विटा बुडाल्या. २०२३च्या ऑक्टोबरात बराजचे खांब खचले, पाणी सोडून द्यावं लागलं आणि वाळू परत वर आली. “विटा सापडल्या का?” मी विचारलं होतं. “दोन,” तो म्हणाला.

परवाचा फोन मात्र पडेल आवाजात होता. १४ ऑक्टोबर २०२५. सप्टेंबरात ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा नंबर आणलेल्या आपल्या संघाने गोव्यात सिंगापूरकडून १-२ मार खाल्ला होता. छांगटेने आधी गोल करूनसुद्धा. आशिया कपची वाट बंद.

“सार, आता खालिद सारची बदली होणार?”

“होईल, न होईल. हरल्यावर काही सांगता येत नाही.”

“केली तर कुठं करतील?”

“मला काय ठाऊक? तुमच्याकडे जागा आहे का एखादी?”

तो जरा विचारात पडला. मागे कपबश्यांचा आवाज येत होता.

“पाठवा,” तो म्हणाला. “पण आधी घमेल्यावर बसावं लागेल.”